अठरा छर्रे

गफ्फारमियांनी दुकान बंद केलं
त्याच सोमवारी माझं मागचं चाक बसलं.
पाटीपासून शाळेपर्यंत अडीच किलोमीटर,
हँडलला डाळीची पिशवी,
आणि मी सायकल ढकलायली
अडून बसलेली कालवड ढकलावी तशी.

सायकल तशी माझी नाही.
आठवीत रेवतीला शाळेतून मिळालेली,
निळी, पुढं जाळीची टोपली.
ती आता पुण्याला. फोनवर म्हणते,
भंगारात दे आई, हप्त्यानं स्कुटी घेऊ.
मी म्हणते, बघू.

मानवतला लेकाकडं जाताना मियांनी
मला एक पत्र्याचा डबा दिला होता:
दोन पाने, कानशीचा तुकडा,
सोल्युशनची अर्धी पिळलेली ट्यूब.
म्हणले, खोलना क्या, कोई बी खोलता बाई.
बिठाना आना.

खोललं.
भाताच्या दोन उलथन्यांनी टायर उचकटला,
कणकेच्या परातीत पाणी घेतलं,
काळी ट्यूब बुडवून गोल गोल फिरवली.
हे ओसरीवरून म्हणले, काय करायलीस?
पोळ्या, म्हणलं मी.
तेवढ्यात बुडबुडा आला.

घासलं, चिकटवलं, हवा भरली.
सकाळी चाक परत जमिनीला टेकलेलं,
पहिल्याच जागी.
मग टायरच्या पोटातून बोट फिरवलं हळूहळू,
आणि बाभळीचा काटा
माझ्या रक्तानंच मला सापडला.
ट्यूबीला दोष देत बसले होते मी.

सोल्युशन लावल्यावर थांबायचं असतं.
वाळू द्यायचं, मग पॅच ठेवायचा.
एकशे चाळीस लेकरांच्या खिचडीला मी थांबते,
गॅसच्या गाडीला थांबते, मास्तरच्या सहीला थांबते,
पण एवढ्याशा डिंकाला थांबायला
तीन पंक्चर लागली.

काळ्या रानातून आलं
की मडगार्डात गारा बसतो, चाक हलत नाही.
तो ओला असताना काडीनं कोरायचा.
वाळला तर छिन्नी लागते.

दिवाळीच्या सुट्टीत मागचं चाक करकरायला लागलं.
एक्सेल काढला तशी छर्रे
ओसरीभर उधळले.
एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला नऊ,
मियांनी बोटं दाखवून सांगितलं होतं.
मी वाटीत मोजले: सतरा.
परत मोजले. सतरा.
बॅटरी घेऊन बाजेखाली, चुलीमागं, चपलांत,
ज्वारीच्या कोठीखाली झाडू घातला.
हेही गुडघ्यावर आले, न बोलता,
लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघं मिळून
काहीतरी शोधत होतो.

मानवतला फोन लावला.
एक कम चलता, म्हणले मियां.
एक जादा नहीं चलता.

त्यांनी जिनिंगातून ग्रीस आणलं होतं,
पळसाच्या पानात गुंडाळून.
त्यात एकेक छर्रा चिकटवत बसवला,
एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला आठ,
आणि चाक फिरवलं.
बराच वेळ फिरत राहिलं ते.
मग आम्ही जेवलो.

आता सायकल सरळ चालते.
ब्रेक थोडा डावीकडं धरतो, तो तसाच ठेवलाय.
पण पायडल वर येताना
कुठंतरी कट् होतं.
चेन नाही, तिला तेल घातलं.
कॉटरपिन नाही, तीही ठोकून बघितली.
पहाटे पाटीच्या अलीकडं कोणी नसतं तिथं
उतरते, स्टँडवर लावते,
हातानं पायडल फिरवत कान देते.
वाजत नाही.
बसलं की वाजतं.
म्हणजे माझ्या वजनाचं काहीतरी आहे.
रविवारी खोलून बघीन.